ठेवू की पुसू

दानिएल सोनवणे यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आमच्या सोसायटीत हे ज्याला सांगावं तो आधी हसतो, कारण आम्हा सगळ्यांचे फोटो त्यांनीच काढले. नवी गाडी, नव्या गाडीसमोरचा नारळ, त्याच गाडीला पडलेला पहिला पोचा, लोहडीची शेकोटी, मंडळाचा गणपती, निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडलेले हार. या सगळ्यात ते स्वतः कुठेच नाहीत. एका ग्रुप फोटोत कडेला एक लांबट सावली पडली आहे, ती त्यांची असावी असं माझा नवरा म्हणतो. मला ती विजेच्या खांबाची वाटते. उंची आणि रुंदीचं प्रमाण दोघांचं साधारण सारखंच होतं.

आम्ही गाझियाबादला राहायला गेलो तेव्हा दिल्लीत नोकऱ्या करणारी आमच्यासारखी माणसं यमुना ओलांडून घरं घेऊ लागली होती. बिल्डरच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता आणि त्यात दोन गोरी मुलं पोहत होती. प्रत्यक्षात त्या जागी पाण्याचा टँकर उभा राहायचा. सोसायटीच्या नावात राजवाडा होता आणि लिफ्टमध्ये माणसाएवढा आरसा. वीज गेली की दोन्हींचा उपयोग संपायचा. रस्त्यापलीकडे मात्र अजून मोहरीचं शेत होतं, आणि माहितीपत्रकात नसलेली तेवढी एकच गोष्ट पाहण्यासारखी होती.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात भाषांतर करायचे. साहेबांचं साधं म्हणणं भारदस्त करून देणं हे माझं काम, त्यामुळे भारदस्तपणा कशाचा बनवतात हे मला आतून माहीत होतं. सोनवणे दुसऱ्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी धरणांचे नकाशे काढले. त्यातली काही धरणं बांधलीही गेली असं ते सांगायचे. मूळचे नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. पत्नी बऱ्याच आधी गेलेल्या, मुलगी रूथ गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत. रविवारी सकाळी दिल्लीला चर्च आणि दुपारी महाराष्ट्र मंडळाची मीटिंग, दोन्हीकडे मागच्या बाकावर.

त्यांची आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. वडील गेल्यानंतर आई सांगलीहून माझ्याकडे राहायला आली होती. मुलीच्या घरी राहणं तिला पटत नव्हतं आणि हिंदी तिला येत नव्हती, म्हणून घराबाहेर आपलं बोलणं कुणाला कळत नाही असं ती धरून चालायची. लिफ्टमध्ये शिरल्याशिरल्या कोपऱ्यातल्या उंच गृहस्थांकडे बघत ती मला म्हणाली, "माणूस आहे का काठी गं?"

कोपऱ्यातून उत्तर आलं, "काठीच आहे मावशी. टेकायला उपयोगी पडते."

आईनं तिसऱ्या मजल्यापर्यंत पदर तोंडावरून काढला नाही. संध्याकाळी त्यांना चहाला बोलावलं मात्र तिनंच. ते आले, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि दारातच हात वर करून म्हणाले, "नको मावशी, आत्ताच झाला." मग बसून दोन कप प्यायले. हा क्रम पुढे कित्येक वर्षं चालला. दारात हात वर करून नकार द्यायचा आणि मग चप्पल काढायची.

कॅमेरा रूथनं आणला. कंपनीनं तिला काही महिने अमेरिकेला पाठवलं होतं. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, दोन मेगापिक्सेलचा. सोनवणे 'दोन मेगापिक्सेल' हे शब्द एखाद्या हुद्द्यासारखे उच्चारायचे. पहिल्या रविवारी ते कॅमेरा घेऊन खाली बागेत उतरले तेव्हा आमच्या सोसायटीचे प्रेसिडेंट चोप्राजी यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"रील कहाँ डालते हैं?"

"रील नहीं लगती."

"तो फोटो किस चीज़ पे आती है?"

सोनवण्यांनी नखाएवढं कार्ड काढून दाखवलं. चोप्राजींनी ते उजेडात धरलं. त्यात त्यांना काहीच दिसलं नाही. "चलो, बढ़िया है," ते म्हणाले, "पर असली वाला कैमरा भी रखना साथ में."

त्या नखाएवढ्या कार्डात पंधरा-सोळा फोटो मावायचे. ते भरलं की घरी जाऊन कॉम्प्युटरवर उतरवायचे, आणि त्यासाठी वीज हवी. वीज असली की आधी सेल चार्ज करायचे. दोन सेल कॅमेऱ्यात आणि दोन त्यांच्या स्वेटरच्या आत, शर्टाच्या डाव्या खिशात, कारण दिल्लीच्या थंडीत सेल गारठतात आणि भरलेले असूनही संपल्याचं नाटक करतात. जानेवारीत ते बोलता बोलता छातीवर हात ठेवायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांना हृदयाचा त्रास आहे. ते खिशातले सेल गरम आहेत का हे बघत असायचे. कोंबडी अंडी उबवते तितक्याच गांभीर्यानं.

कॅमेऱ्याचा खरा स्वभाव मात्र वेगळाच होता. बटण दाबलं की तो आधी विचार करायचा. आत काहीतरी घरघरायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा, भिंग पुढेमागे व्हायचं, आणि समोरच्या माणसाचं हसू वाळून गेल्यावर मग फोटो निघायचा. सुरुवातीला सोनवणे याबद्दल माफी मागत. पुढे त्यांनी पद्धत बदलली. बटण दाबल्याबरोबर म्हणायचे, "झालं." माणसं श्वास सोडायची, पोट सैल करायची, शेजारच्याला काहीतरी म्हणायची, आणि तेव्हा कॅमेरा आपलं काम करायचा.

रूथनं माझ्यासमोर त्यांना सांगितलं होतं, "बाबा, बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं. मग पूर्ण दाबलं की लगेच निघतो."

"माहीत आहे मला."

"मग तसं का नाही करत?"

"तसं केलं की तोंडावर ठेवलेलं हसू मिळतं. ते सगळ्यांच्या घरी आहेच की, फ्रेम करून."

"आणि झालं म्हणता ते? खोटंच की."

"माझं झालेलं असतं. पुढचं त्याचं काम," ते कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

फोटो निघाला की ते तो छोटा पडदा त्या माणसासमोर धरायचे आणि विचारायचे, "ठेवू की पुसू?" सुरुवात जागेच्या टंचाईतून झाली होती. कार्डात जागा नाही, नको असलेला फोटो कशाला वागवायचा. पण मोठं कार्ड मिळालं तरी प्रश्न राहिला, आणि पुसा म्हटलं की ते त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पुसायचे.

हे मला पहिल्यांदा जाचलं ते कारंज्याच्या उद्घाटनाला. चोप्राजींनी सोसायटीच्या खर्चानं दारात कारंजं बांधलं होतं. नळाला पाणी नसलेल्या सोसायटीत कारंजं कशाला, हा प्रश्न विचारणारी मी एकटीच होते, आणि त्याचं उत्तर 'मॅडम, स्टँडर्ड' असं मिळालं. फीत आली, कात्री तबकात आली, एक नगरसेवक आले. चोप्राजींनी फीत कापली, कॅमेऱ्याकडे बघून छाती पुढे काढली. सोनवणे म्हणाले, "हो गया." त्याच क्षणी पंप सुरू करायचा होता. पंप सुरू झाला, कारंजं खोकलं, आणि पाणी आलं नाही. फोटो निघाला तो तेव्हाचा. हातात कात्री, आणि सुटाबुटातले चोप्राजी वाकून कारंज्याच्या तोंडात बघताहेत. जत्रेत हरवलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा चेहरा. मी त्यांना इतकं आवडण्यासारखं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"ये क्या है यार," चोप्राजी पडदा बघून म्हणाले. "डिलीट करो. बिल्कुल डिलीट."

सोनवण्यांनी तिथेच पुसला. घरी येताना मी जवळजवळ भांडलेच त्यांच्याशी.

"अहो काका, आख्ख्या सोसायटीचा इतिहास होता त्या फोटोत."

"चेहरा त्यांचा आहे ताई. माझं फक्त बटण."

हे वाक्य ते पुष्कळदा म्हणायचे, आणि मला ते पुष्कळ दिवस अतिशहाणपणाचं वाटायचं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आईला अर्धांगाचा हलका झटका आला. हात-पाय महिन्याभरात सुधारले. बोलणं थोडं जड राहिलं, आणि तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली ती तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं." आईला ते थोडकं वाटलं नाही. तिनं खाली उतरणं बंद केलं. बेल वाजली की ती आतल्या खोलीत जायची. आरशावर तिनं टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली, आणि आम्ही सगळ्यांनी तो टॉवेल ओला असल्याचं मान्य केलं.

माझा धाकटा भाऊ नितीन न्यू जर्सीला होता. व्हिसाच्या भानगडीत अडकलेला, निघालास तर परत येता येणार नाही असं वकिलानं सांगितलेलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईशी बोलून झालं की तो मला म्हणायचा, "मला ती बघायची आहे. एक फोटो पाठव ना यार." आईला सांगितलं की ती म्हणायची, "त्याच्याकडे लग्नातला आहे माझा." माझ्या लग्नातल्या त्या फोटोत ती जप्तीला आलेल्या बेलिफासारखी उभी आहे. बरी असतानाही तिला फोटोत हसणं मंजूर नव्हतं.

सोनवणे मात्र यायचे थांबले नाहीत. आई आत गेली तरी ते बाहेर बसून चहा घ्यायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचे. मोहरी फुलली, मावशी. मंडळात तिळगुळाची ऑर्डर द्यायची आहे, मावशी. एकदा ते म्हणाले, "मावशी, कॅमेऱ्याचे सेल नवीन आणलेत. चालतात का बघायचेत. एक काढतो. आवडला नाही तर पुसून टाकू."

आतून आवाज आला, "नाही आवडणार."

"मग पुसू."

ती पदर अर्ध्या तोंडावर घेऊन दारात उभी राहिली. त्यांनी काढला, पडदा तिच्यासमोर धरला, आणि मी तिच्याकडेच बघत राहिले, कारण आजारपणानंतर तिनं स्वतःचा चेहरा पाहिला नव्हता. तिनं पाहिलंही नसेल नीट.

"पुसा."

त्यांनी पुसला. "सेल चांगले आहेत," ते म्हणाले आणि चहा संपवून गेले.

पुढच्या आठवड्यात सेल पुन्हा तपासायचे होते. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला हा प्रकार निव्वळ वेळकाढूपणा वाटत होता. नितीनला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "काकांना फोन दे." मी दिला. तो मोठ्यानं बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"काका, त्यातला एखादा ठेवा ना गुपचूप. तिला कळणारही नाही. मला मेल करा, मी कुणाला दाखवणार नाही."

सोनवणे म्हणाले, "नितीन, मी पुसतो म्हणून त्या दारापर्यंत येतात. मी एक ठेवला ना, तर मी तिथे चोर म्हणून बसेन, आणि त्यांना ते चेहऱ्यावरून कळेल. चेहरे वाचायला त्यांना कुणी शिकवायला नको."

"आणि ती कधीच हो म्हणाली नाही तर?"

"तर नाही म्हणाल्या."

नितीननं फोन आदळला. मला त्याचा राग समजत होता. पण त्यानंतर मी आईकडे जरा लक्ष देऊन पाहायला लागले. आता ती पडदा हातात घेऊन बघत होती. चष्मा मागत होती. पुसा म्हणायच्या आधी थोडी थांबत होती. एकदा म्हणाली, "साडी बरी दिसतेय," आणि मग, "पुसा." एकदा स्वतःच बटण कुठलं ते विचारून स्वतःच्या हातानं पुसलं. त्या दिवशी ती जेवताना पूर्वीसारखी माझ्या आमटीला नावं ठेवत होती. आरशावरचा टॉवेल कधी निघाला ते मला आठवत नाही. एक दिवस तो गॅलरीत दोरीवर होता, जिथे टॉवेल असतात.

मग जानेवारीतला एक रविवार. धुकं उशिरा उठलं होतं आणि गॅलरीत ऊन आलं होतं. आई सुपात मटार सोलत बसली होती. सोनवणे आले, दारात हात वर केला, नको म्हणाले, चप्पल काढली. गॅलरीत येऊन छातीवरच्या खिशातून उबवलेले सेल काढून कॅमेऱ्यात घातले.

"मावशी, इकडे."

आईनं मान वर केली, पदर सारखा केला, बेलिफाचा चेहरा धारण केला.

"झालं," सोनवणे म्हणाले.

कॅमेरा घरघरला. आईनं खांदे सोडले, मटाराची शेंग धरलेला हात स्वयंपाकघराकडे केला आणि म्हणाली, "झालं ना? मग आता मुकाट्यानं चहा घ्या."

त्यांनी पडदा तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. फोटोत ती बोलत होती. तोंड उघडं, डावी बाजू ओढलेली, हात हवेत, शेंगेसकट. मी खुर्चीमागे उभी राहून पाहत होते. चांगला फोटो कशाला म्हणतात याच्या कुठल्याही व्याख्येत तो बसला नसता.

"ठेवू की पुसू?"

आईनं बराच वेळ पाहिलं. "तोंड वाकडंच आहे की हो," ती म्हणाली.

"आहे."

"पण ही ओळखीची आहे." तिनं कॅमेरा परत दिला आणि पुन्हा मटाराला लागली. "राहू द्या."

सोनवण्यांनी कॅमेरा बंद केला, पुन्हा चालू केला, फोटो आहे याची खात्री केली आणि पुन्हा बंद केला. त्या दिवशी तिसरा कप त्यांनी स्वतःहून मागितला.

फोटो फ्लॉपीवर घालून मी बाजारातल्या सायबर कॅफेतून नितीनला पाठवला. त्याचा फोन रविवारची वाट न बघता आला. त्यानं विचारलं, "काय म्हणतेय ती त्यात?"

"चहा घ्या म्हणतेय."

"वाटलंच," तो म्हणाला.

आई त्यानंतर चार वर्षं होती. खाली बागेत जायची, चोप्राजींशी मराठीत बोलायची, ते पंजाबी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं चांगलं जमायचं. नितीनची भानगड शेवटी मिटली. तो येऊन गेला. तिनं त्याला आमटीसकट सगळ्याला नावं ठेवून दाखवली. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो मोठा करायचा होता, म्हणून मी आणि सोनवणे बाजारातल्या फोटो लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलानं फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि सहानुभूतीनं म्हणाला, "मैडम, मुँह सीधा कर दूँ? दो मिनट का काम है. हाथ भी हटा दूँगा."

मी सोनवण्यांकडे पाहिलं. बटण त्यांचं होतं आणि प्रश्न त्यांचा नव्हता.

"नहीं भैया," मी म्हटलं. "उनसे पूछ लिया है."

तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी गंभीर माणसं हार घालून असतात, तिथे आई हातात शेंग घेऊन चहाचा आग्रह करते आहे. नवीन आलेली माणसं थोडी गोंधळतात. मग बहुतेक जण चहा घेतात. चोप्राजी मुलीकडे बंगलोरला कायमचे जायला निघाले तेव्हा निरोप घ्यायला आले होते. त्या फोटोसमोर ते कप धरून उभे राहिले आणि म्हणाले, "यार, वो फव्वारे वाली रख लेनी चाहिए थी." सोनवण्यांनी हात जोडले. ते कारंजं अजून आहे. त्यात आता तुळस लावली आहे.

कॅमेरा पुढे बंद पडला. पाठोपाठ सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमेरे आले आणि कुणी कुणाला काही विचारेनासं झालं. मोहरीच्या शेताच्या जागी टॉवर आले. निवृत्तीनंतरही सोनवणे इथेच राहिले होते, पण गुडघे कुरकुरू लागले तेव्हा एव्हाना पुण्याला राहायला गेलेल्या रूथनं त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती. रूथ सामान लावत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाचा एकही फोटो आपल्याकडे नाही.

"काका, थांबा. एक काढते."

ते थांबले. कोटाचं वरचं बटण लावलं, हनुवटी उचलली, हात बाजूला सरळ. मी फोनला बोट लावलं आणि त्याच क्षणी फोटो निघाला. घरघर नाही, हिरवा दिवा नाही. मी पडदा त्यांच्यासमोर धरला.

"ठेवू की पुसू?"

त्यांनी फोन लांब धरून, मान मागे घेऊन पाहिलं. फोटोत कोट होता, हनुवटी होती. बेलिफाच्या खात्यात त्यांनाही नोकरी मिळाली असती.

"पुसा ताई," ते म्हणाले. "मी तयार होतो. तुमचा फोन फार घाईचा आहे."

तो ठेवावा, त्यांना काय कळणार आहे, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण ज्यांच्याकडून ही रीत घेतली त्यांच्याशीच लबाडी कशी करायची. त्यांच्या डोळ्यांदेखत मी तो पुसला.

"झालं," मी म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

त्यांनी वरचं बटण सोडलं. खांदे खाली आले. सवयीनं डाव्या खिशावर हात गेला, तिथे काही नव्हतं, तरी तो क्षणभर तिथेच राहिला. टॅक्सीचं दार उघडून आत वाकता वाकता ते थबकले, वळले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीकडे पाहून त्यांनी हात वर केला. नको मावशी, आत्ताच झाला.